लॉरा गार्डिन फ्रेझर : जीवन आणि पदकशिल्प

प्रस्तावना :
नाणे हे शिल्पकलेचे सर्वांत लहान, परंतु सर्वाधिक हातांतून फिरणारे रूप होय. मात्र नाण्यावर कोणाचे शिल्प यावे, हा निर्णय कलावंताच्या हाती नसतो. अमेरिकन शिल्पकार व पदककार लॉरा गार्डिन फ्रेझर यांच्या कारकिर्दीतून ही बाब स्पष्ट होते.

जीवन व शिक्षण :
त्यांचा जन्म १८८९ मध्ये शिकागो येथे झाला. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीग या संस्थेत त्यांनी जेम्स अर्ल फ्रेझर यांच्याकडे शिल्पकलेचे शिक्षण घेतले आणि १९१३ मध्ये उभयतांचा विवाह झाला. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले.

नाणी व पदके :
पदककार प्रथम मोठ्या आकारात प्लास्टरचा नमुना घडवितो. नंतर यंत्राच्या साहाय्याने तो लहान करून साचा तयार होतो. पदकावर अनेक ठोके देता येतात. चलनी नाणे मात्र एकाच ठोक्यात उमटावे लागते. म्हणून नाण्यावरील उठाव कमी ठेवूनही व्यक्तिरेखा जिवंत करणे हे खरे कौशल्य ठरते. अलाबामा शताब्दीच्या अर्ध्या डॉलरमुळे (१९२१) अमेरिकन नाण्याची रचना करणारी पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली. त्यानंतर ग्रँट स्मारक नाणी (१९२२), फोर्ट व्हँकूव्हर नाणे (१९२५) आणि पतीसमवेत ओरेगॉन ट्रेल नाणे (१९२६) त्यांनी घडविले. चार्ल्स लिंडबर्ग यांना देण्यात आलेले काँग्रेसचे सुवर्णपदकही त्यांचेच. बाल्टिमोर येथील ली व जॅक्सन यांचे अश्वारूढ स्मारक (१९४८) हे त्यांचे भव्य शिल्प २०१७ मध्ये हटविण्यात आले.

पाव डॉलरचा वाद :
१९३२ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जन्मद्विशताब्दीनिमित्त पाव डॉलरच्या नव्या नाण्यासाठी ललित कला आयोगाने फ्रेझर यांच्या नमुन्याची शिफारस केली. तथापि अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांनी जॉन फ्लॅनागन यांचा नमुना निवडला आणि त्यांचे उत्तराधिकारी ऑग्डेन मिल्स यांनीही तोच कायम ठेवला. स्त्री असल्यामुळे फ्रेझर यांना डावलले गेले, असे काही अभ्यासकांचे मत आहे. परंतु त्यांची १९२२ ते १९२६ या काळातील नाणी मेलन यांच्याच कार्यकाळात निघाली होती, हेही विचारात घ्यावे लागते.

समारोप :
१९९९ मध्ये हाच नमुना पाच डॉलरच्या स्मारक सुवर्णनाण्यावर आला. २०२२ ते २०२५ या काळात कर्तृत्ववान अमेरिकन स्त्रियांच्या गौरवार्थ निघालेल्या पाव डॉलरच्या नाण्यांवर, दर्शनी बाजूस, फ्रेझर यांनी घडविलेले वॉशिंग्टन विराजमान झाले. आयोगाच्या शिफारशीला त्या वेळी नव्वद वर्षे उलटली होती. शिल्प तेच होते. बदलला होता तो निर्णय.