पॉवर मीटर घेताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळ्यात विंचूरहून येवल्याकडे निघालं की पश्चिमेचा वारा पाठीशी असतो. परतीला तोच छातीवर येतो आणि उघड्या शेतांमधून आडोसा मिळत नाही. अशा रस्त्यावर वेगावरून सराव मोजणारा फसतो. सायकलसह ८० किलो वजन आणि ताशी १५ किलोमीटरचा वारा धरून गणित मांडा. वाऱ्याविरुद्ध ताशी २० किलोमीटरने जायला लागणारी ताकद, वाऱ्याबरोबर ३० ने जाण्याच्या जवळजवळ दुप्पट भरते. ‘वेग दिसतोय, मग पॉवर मीटर कशाला?’ असं विचारणाऱ्याने हा हिशेब एकदा करून पाहावा. मीटर पॅडलवरचा जोर आणि ते फिरण्याचा वेग यांवरून वॉट काढतो, मग वारा कुठूनही येवो. मोबाइलमधलं ॲप दाखवतं तो वॉटचा आकडा मात्र वेग, चढ आणि वजनावरून बांधलेला अंदाज असतो. सपाटीवर, वाऱ्यात त्यावर विसंबू नये.

हे यंत्र फक्त व्यावसायिकांचं, हा समज जुन्या काळातला. १९८६ मध्ये जर्मनीच्या उलरिख शोबेरर यांनी एसआरएम ही पॉवर मीटरची कंपनी सुरू केली, तेव्हा ते खरंही होतं. आज फक्त डावा क्रँक बदलून मीटर असलेला बसवला, तरी काम भागतं. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली आणि आपल्याकडे लांब पल्ल्याची ओढ वाढली. अशा शर्यतीत वॉटचा खरा उपयोग सुरुवातीला हात राखून चालवायला होतो. पाय ताजे असतात तेव्हा चढावर किती जोर जातोय हे कळत नाही.

सर्वांत खर्चिक गैरसमज म्हणजे ‘दोन्ही बाजू मोजणारा मीटरच खरा’. एकेरी मीटर डाव्या पायाचा आकडा दुप्पट करतो. तुमचा डावा पाय ४८ टक्के काम करत असेल, तर खऱ्या २०० वॉटला तो १९२ दाखवेल. चूक आहेच, पण २० मिनिटांची चाचणी त्याच मीटरवर घेऊन, तिच्या सरासरीच्या ९५ टक्क्यांवर सरावाचे टप्पे ठरवले, तर मोजपट्टी एकच राहते. दमल्यावर दोन पायांतला फरक बदलू शकतो, ही खरी मर्यादा. दुखापतीतून उठलेल्याने किंवा पायांत मोठा फरक असलेल्याने दुहेरी मीटर जरूर घ्यावा. बाकीच्यांनी तो पैसा चांगल्या टायरवर घालावा, असं माझं मत आहे. मित्राच्या वॉटशी तुलनाही नको. हबमधला मीटर साखळीत वाया गेलेली ताकद मोजत नाही, म्हणून पॅडलमधल्यापेक्षा थोडं कमी दाखवतो.

(चाचणीसाठी लासलगाव रस्ता टाळा. लिलावाच्या दिवशी कांद्याच्या ट्रॅक्टरांमधून मान खाली घालून २० मिनिटं सायकल हाणणं जिवावरचं आहे.)

खोक्यावर ‘अधिक-उणे १ टक्का’ छापलं म्हणजे आकडा कायम बरोबर, हेही खरं नाही. आत धातूचं सूक्ष्म वाकणं मोजणारे स्ट्रेन गेज असतात आणि तापमान बदललं की त्यांचा शून्य सरकतो. बऱ्याच मीटरांत हा फरक भरून काढायची सोय असते, तरी निफाड तालुक्यातल्या थंडीत तेवढ्यावर राहू नये. घरातून काढलेली सायकल दहा-पंधरा मिनिटं बाहेर उभी करावी, पॅडलवर भार न ठेवता शून्य करावा, मगच निघावं. ऊन चढल्यावर पुन्हा एकदा करावा.

कोणताही मीटर कोणत्याही सायकलला बसत नाही. डावा क्रँक तुमच्या बॉटम ब्रॅकेटला जुळावा लागतो आणि फ्रेमजवळ त्याला जागा लागते. पॅडलचा मीटर एका सायकलवरून दुसरीवर सहज जातो; पण बहुतेकांना क्लीटचे बूट लागतात, आणि ॲपमध्ये क्रँकची लांबी १७० ऐवजी १७५ मिलिमीटर भरली तर आकडा सुमारे ३ टक्के फुगतो.

वापरलेला मीटर घेताना चेन मोठ्या चेनरिंगवर ठेवा, मागचा ब्रेक दाबा आणि १७२.५ मिलिमीटरच्या आडव्या क्रँकच्या पॅडलवर १० किलो वजन टांगा. ॲप टॉर्क दाखवत असेल, तर सुमारे १६.९ न्यूटन-मीटर दिसायला हवा. बराच फरक पडला, तर तो मीटर घेऊ नका.