रंगपेटीबाहेरचे चेहरे

मराठी सिनेमातली स्त्री किती खरी, यावर दर दोन-तीन वर्षांनी परिसंवाद झडतो आणि दर वेळी चर्चा कथेपाशीच घुटमळते. ती बंड करते का, घर सोडते का, नवऱ्याला उलट बोलते का! तिचा चेहरा कोणत्या रंगाचा, कोणत्या वयाचा, कोणत्या उजेडात दाखवला, हा प्रश्न मात्र रंगभूषाकारावर सोपवून सगळे मोकळे होतात. प्रेक्षकाच्या मनात कथा शिरते त्याआधी चेहरा शिरलेला असतो. थिएटरातून घरी परतलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी आरशासमोर उभी राहते, तेव्हा ती कथानक आठवत नसते. त्या चेहऱ्याशी स्वतःचा चेहरा ताडून पाहत असते. म्हणून हा आढावा चेहऱ्यांचा आहे.

आरंभ सर्वांना ठाऊक आहे. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामती झाले अण्णा साळुंके, आणि ‘लंकादहन’मध्ये (१९१७) तर राम आणि सीता दोन्ही तेच. मधल्या काळात ‘मोहिनी भस्मासुर’मधून दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर येऊन गेल्या होत्या. या इतिहासात एक तांत्रिक गोष्ट नेहमी निसटते. त्या वेळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे तांबूस-तपकिरी कातडी पडद्यावर प्रत्यक्षापेक्षा काळवंडलेली दिसे, ओठ तर काळेच होत. त्यावर उपाय म्हणून चेहऱ्यावर फिकट रंगाचा जाड थर चढवला जाई. पुढे सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली आणि थराचे कारण संपले. थर मात्र राहिला, कारण तोवर निर्मात्यांना आणि प्रेक्षकांना गोऱ्या पडद्याची सवय जडली होती.

प्रभात फिल्म कंपनीच्या काळात या सवयीला दोनदा तडा गेला. ‘संत तुकाराम’ (१९३६) म्हटले की विष्णुपंत पागनीसांची तल्लीन मुद्रा आठवते. पण त्या चित्रपटाचे पाय जमिनीवर ठेवले ते गौरीने. तिची आवली, म्हणजे तुकारामांची बायको, चुलीपाशी बसते, पोरांच्या पोटाची काळजी करते आणि वहाण हातात घेऊन थेट विठ्ठलाला जाब विचारायला निघते. तिच्या चेहऱ्यावर संसाराची ओढाताण दिसते आणि ती लपवायचा कुणी प्रयत्नही केलेला नाही. पुढच्या वर्षी व्ही. शांतारामांचा ‘कुंकू’ आला. नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. त्यात शांता आपटेची नीरा आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब यांच्यात आरशाला सामोरे जायची पाळी येते ती पुरुषावर. वय त्याचे मोजले जाते, अपात्र तो ठरतो. वधूपरीक्षेच्या देशात ही उलथापालथ साधी नव्हती. पडद्याबाहेरही शांता आपटे तशीच होती. करारावरून वाद झाला तेव्हा १९३९ मध्ये ती प्रभातच्या आवारात उपोषणाला बसली आणि पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून मोकळी झाली.

प्रभातचे अभिमानी इथेच थांबतात आणि पुढे सगळी उतरण, असा निकाल देतात. तो मान्य करता येत नाही. गौरीसारखा चेहरा प्रभातलाही नायिका म्हणून चालला नाही, ही गोष्ट ते सोयीने विसरतात.

पुढची पाच दशके भराभर ओलांडायला हरकत नाही. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला आणि नऊवारी, ठसठशीत कुंकू, कोरलेल्या भुवया हा साचा पक्का झाला. त्या साच्यातून लावणी नाचणारी बाहेर पडली, सोशिक वहिनी बाहेर पडली, शालीन आई बाहेर पडली. जयश्री गडकर, सुलोचनाबाई, रंजना या ताकदीच्या अभिनेत्री होत्या. साचा त्यांच्यापेक्षा लहान होता. विनोदाच्या लाटेत नायिका नायकाच्या गमतीला पूरक झाली आणि ‘माहेरची साडी’ने (१९९१) तिला रडायला बसवले.

या साच्याबाहेरचा झरा मात्र मधेच फुटला होता. १९७५ साली फेअर अँड लव्हली ही मलमाची नळी भारतीय बाजारात आली. त्याच वर्षी श्याम बेनेगलांच्या ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’मधून स्मिता पाटील पडद्यावर आली. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी सावळी मुलगी बेनेगलांच्या नजरेत भरली होती. दोन वर्षांनी ‘भूमिका’ आली. अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर बेतलेल्या या चित्रपटात सिनेमाचा सगळा मुखवटा रंगवण्याच्या खोलीपासून उलगडतो: लहान वयात कुटुंबाचे पोट भरण्यासाठी स्टुडिओत लोटलेली मुलगी, तिचा पडद्यावरचा उजळ चेहरा आणि घरी परतल्यावरचा दमलेला चेहरा. त्याच वर्षी जब्बार पटेलांच्या ‘जैत रे जैत’मध्ये गो. नी. दांडेकरांची ठाकरीण चिंधी तिने केली. उन्हात रापलेली कातडी, उघडे दंड, मोकळे हसू. आणि ही नायिका आहे, हे सिद्ध करायला कुणाला वेगळा प्रकाशझोत टाकावा लागला नाही.

‘उंबरठा’बद्दल (१९८२) पुष्कळ लिहिले गेले, पण बहुतेक स्मिताने केलेल्या सुलभा महाजनच्या घर सोडण्याबद्दल. राजन कोठारींच्या कॅमेऱ्याबद्दल कमी. महिलाश्रमाच्या अधीक्षक कार्यालयात, साध्या सुती साडीत बसलेली ही बाई कॅमेरा जवळून पाहतो, आणि जवळून पाहताना तिला गोंडस करत नाही. डोळ्यांखालचा थकवा राहू देतो. त्याच १९८२ साली हिंदीतल्या ‘नमक हलाल’ने त्याच अभिनेत्रीला पावसात भिजवून गाण्यात उभे केले. एका वर्षात, एकाच चेहऱ्याशी दोन कॅमेरे असे वागले. स्मिता गेली ती १३ डिसेंबर १९८६ रोजी, एकतिसाव्या वर्षी. तिच्या पिढीतल्या प्रेक्षकांना वाटले की आता हे दार बंद झाले.

ते बंद झाले नाही, याचे श्रेय सुमित्रा भाव्यांना. प्रस्तुत लेखक गेली कित्येक वर्षे हेच सांगत आला आहे आणि पुन्हा सांगायला त्याला संकोच नाही. भावे समाजकार्य शिकवणाऱ्या. वस्त्यांमधल्या बायकांशी बोलता बोलता अहवालाचे कागद अपुरे वाटू लागले, म्हणून त्या कॅमेऱ्याकडे वळल्या. पहिला लघुपट ‘बाई’ (१९८५) झोपडवस्तीतल्या स्त्रीवरचा. तिथूनच सुनील सुकथनकरांची साथ सुरू झाली. बाईचा चेहरा हा ऐकण्याचाही विषय आहे, ही शिस्त त्यांच्या सिनेमात शेवटपर्यंत टिकली. ‘दोघी’त (१९९५) लग्नाच्या दिवशीच वऱ्हाडावर घाला पडतो, मुलगी पांढऱ्या पायाची ठरते आणि तिला मुंबईच्या बाजारात पाठवले जाते. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी या दोन बहिणी, उत्तरा बावकर त्यांची आई. तिघींच्या चेहऱ्यांवर कोरडवाहू गावची धूळ आहे. ती धूळ नेपथ्याची वाटत नाही.

आणि ‘नितळ’ (२००६). सौंदर्याच्या कल्पनेला थेट हात घालणारा याच्याइतका निर्भीड मराठी चित्रपट दुसरा नाही. देविका दफ्तरदारची नीरजा शिकलेली, डॉक्टर, प्रसन्न. तिच्या अंगावर कोड आहे. ज्याच्यावर तिचा जीव जडतो त्याच्या घरची सुशिक्षित, सुसंस्कृत माणसे तिच्याकडे कशी बघतात, नजर कुठे ठेवतात, कुठून चोरतात, एवढीच गोष्ट. डाग अर्थातच रंगभूषेचे. पण कॅमेरा ते झाकत नाही आणि त्यांच्याकडे पाहून हळहळतही नाही. थोड्या वेळाने प्रेक्षकाला नीरजा दिसू लागते आणि अवघडलेल्या घराची तपासणी सुरू होते. फिल्म सोसायटीच्या खेळांनंतर भावे स्वतः चर्चेला थांबत. तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका जे बोलत, ते समीक्षेच्या पानांवर कधी वाचायला मिळाले नाही. पुढे ‘अस्तु’मध्ये अमृता सुभाषची चन्नम्मा आली, हत्तीवाल्याची कानडी बोलणारी बायको. स्मृती हरवलेल्या म्हाताऱ्याला ती लेकरासारखे भरवते. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘कासव’ने (२०१६) तर सुवर्णकमळ आणले; त्यातली इरावती हर्षेची मध्यमवयीन जानकी आपले वय लपवत नाही.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो. हे सिनेमे मूठभरांचे, बहुसंख्य प्रेक्षकाला पडद्यावर स्वप्न हवे असते आणि स्वप्न गोरेच असते. हे म्हणणारे स्वतःला बाजाराचे जाणकार मानतात. सहा बहिणींची, त्यातल्या बऱ्याच जणी पन्नाशीच्या पुढच्या, अशी गोष्ट सांगणाऱ्या ‘बाईपण भारी देवा’ला (२०२३) बायका गटागटाने, साड्या नेसून, आईला आणि सासूला घेऊन गेल्या. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते यांना पाहायला तिकीटखिडकीवर रांगा लागल्या. स्वप्न कुणाचे, याचा हिशेब जाणकारांनी फिरून मांडायला हवा.

खरी घसरण मात्र वेगळ्याच वाटेने आली आहे आणि ती पुरोगामी वेशात आली आहे, म्हणून जास्त त्रास देते. आता सावळ्या मुलीची व्यथा हा लोकप्रिय विषय झाला. पण व्यथा सावळ्या मुलीची आणि काम उजळ अभिनेत्रीचे! ‘रंग माझा वेगळा’ या मालिकेत नायिकेला रोज काळसर रंग लावून उभे केले. हिंदीतल्या ‘बाला’ने (२०१९) रंगभेदाचा धिक्कार करताना भूमी पेडणेकरला तसेच रंगवले. फाळक्यांच्या काळात बाई मिळत नव्हती म्हणून पुरुषाला लुगडे नेसवले. आज सावळ्या अभिनेत्री नाट्यस्पर्धांतून डझनांनी समोर येत असताना त्यांना डावलून रंगाचा डबा उघडला जातो. जाडीचेही तेच. ‘वजनदार’साठी (२०१६) सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी मेहनतीने वजन वाढवले, चित्रपटाचा हेतूही प्रामाणिक होता. पण पुढच्या भूमिकेआधी ते वजन उतरवणे भागच होते. मुळातच अंगाने भरलेल्या अभिनेत्रीला नायिका करावी, असे उद्योगाला त्यानंतरही वाटलेले नाही.

त्यात डिजिटल तंत्राची भर पडली. पूर्वी थर चेहऱ्यावर चढे, आता तो चित्रीकरणानंतर संगणकावर चढतो. कातडीचा पोत पुसला जातो, तीळ जातो, कपाळावरची आठी जाते. खेड्यातल्या नायिकेचे केस इस्त्री केल्यासारखे सरळ असतात. निवड करताना अभिनयाबरोबर इन्स्टाग्रामवरचे अनुयायी मोजले जातात. गौरीची आवली आज निवडीच्या पहिल्या फेरीत बाद झाली असती.

तरी ‘सैराट’ (२०१६) झाला, हे विसरून चालणार नाही. अकलूजच्या, शाळेत शिकणाऱ्या रिंकू राजगुरूला नागराज मंजुळ्यांनी आहे तशी घेतली. तोच रंग, तीच बोली, बुलेटवरची तीच बेफिकीर बैठक. मंजुळ्यांनीच आधी ‘फँड्री’त काळ्या जब्याला गोऱ्या शालूची ओढ लावून, जातीच्या उतरंडीत रंगाची ओढ कशी मुरलेली असते ते दाखवले होते. ‘सैराट’मध्ये त्यांनी नायिकेचा चेहराच गावातून आणला, आणि मराठी सिनेमाने पहिल्यांदा शंभर कोटींचा पल्ला ओलांडला. मग या यशाची आवृत्ती काढायची वेळ आली. हिंदीने कथा उदयपूरला नेली आणि ‘धडक’साठी (२०१८) जान्हवी कपूरला निवडले. कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) करणाऱ्यांनी मात्र कथेबरोबर अकलूजच्या रिंकूलाही बोलावून घेतले आणि नायिकेची भूमिका पुन्हा तिनेच केली.