धास्ती भुलीची
मांडवीच्या जेटीवर सायंकाळी पॉमेरेनियन वा पग फिरविणाऱ्या गृहस्थांस निर्बीजीकरणाची जी धास्ती वाटते, ती बहुधा सुरीची नसून भुलीची असते, आणि ती सर्वस्वी अनाठायी म्हणवत नाही. कारण अल्पकाय श्वानाच्या शरीराची उष्णता भुलीत त्वरेने उतरते, पिलाच्या रक्तातील साखरही दीर्घ उपवासाने घटते, म्हणून उबेची तजवीज आणि उपाशी ठेवण्याचा अवधी यांविषयी पशुवैद्यांस आगाऊ विचारावे. मादीचा मात्र गर्भाशयात पू होण्याचा प्राणघातक विकार याच शस्त्रक्रियेने टळतो. न पडलेले दुधाचे दातही त्याच भुलीत काढता येतात. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव श्वानाच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकावरच टाकली आहे. जखम भरेपर्यंत, म्हणजे 10 ते 14 दिवस, श्वानास किनाऱ्याच्या ओल्या वाळूत सोडू नये.