धारित्रांचे रहाटगाडगे

दोन पेन्सिल सेल एकापुढे एक जोडले, की तीन व्होल्ट दाब मिळतो. वापरता वापरता तो दोन व्होल्टपर्यंत उतरतो. पण समजा, तापमान टिपणाऱ्या एखाद्या छोट्या उपकरणाला अखेरपर्यंत ३.३ व्होल्टच हवे आहेत. मग दाब वाढवायचा कसा? रोहित्र येथे कामाचे नाही. त्याला प्रत्यावर्ती प्रवाह लागतो.

चार्ज पंप हे काम धारित्रांकडून करून घेतो. धारित्र प्रथम सेलना जोडून तीन व्होल्टपर्यंत भारित करायचे. मग ते सोडवून त्याचे ऋण टोक सेलच्या धन टोकाला जोडायचे. दोघांचे दाब मिळून सहा व्होल्ट होतात आणि धारित्र आपला भार साठवणीच्या दुसऱ्या धारित्रात ओतते. चिपमधील ट्रॅन्झिस्टरचे स्विच ही अदलाबदल सेकंदाला हजारो वेळा करतात. गाडगे भरायचे, वर न्यायचे, ओतायचे! १९३२ साली केंब्रिजमध्ये कॉक्क्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी लिथियमचे अणुकेंद्र फोडले, तेही धारित्रांच्या अशाच चढत्या माळेतून मिळवलेल्या उच्च दाबाच्या बळावर.

आपल्याला सहा व्होल्ट नकोत, ३.३ हवेत. म्हणून चिपमधील नियंत्रक दाबावर नजर ठेवतो, ३.३ व्होल्ट झाले की रहाट थांबवतो, दाब घसरला की पुन्हा सुरू करतो.

आता हिशेब पाहा. दाब दुप्पट करणारा पंप जेवढा प्रवाह बाहेर देतो, त्याच्या दुप्पट प्रवाह सेलमधून ओढतो. म्हणून कार्यक्षमता फार तर ३.३ ÷ (२ × ३), म्हणजे ५५ टक्के. सहा हात वर चढवलेले पाणी ३.३ हातांवरच्या टाकीत सोडल्यासारखे हे झाले. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. गंमत अशी, की सेल उतरून दोन व्होल्टवर आले, की तोच आकडा ३.३ ÷ ४, म्हणजे ८२.५ टक्के होतो. नव्या सेलची नासाडी जास्त! तेव्हा माहितीपत्रकात ‘९० टक्के’ असे वाचले, तर तो आकडा किती व्होल्टवरचा, हे आधी शोधा. काही चिप दीडपट आणि दुप्पट अशा दोन्ही रीतींनी चालतात. तीन व्होल्टवर दीडपट रीत वापरली, तर मर्यादा ७३ टक्क्यांवर जाते, सेल २.२ व्होल्टच्या खाली गेले, की मात्र दुप्पट रीतीवाचून गत्यंतर नाही.

एवढ्याने भागत नाही. चिपला स्वतःलाही प्रवाह लागतो. उपकरण सरासरी २० मायक्रोअँपिअर घेत असेल, तर पंप सेलमधून ४० ओढेल. पण चिपची स्वतःची भूक १०० मायक्रोअँपिअर असेल, तर एकूण १४० झाले. तीन व्होल्टवर ही कार्यक्षमता जेमतेम १६ टक्के! बहुतेक वेळ झोपलेल्या उपकरणासाठी म्हणूनच मी प्रथम चिपची ही भूक पाहीन, टक्केवारी नंतर.

शाळेच्या प्रयोगशाळेत हे पडताळता येईल. पंपाच्या दोन्ही बाजूंचा दाब आणि प्रवाह मोजा, दाबाला प्रवाहाने गुणा आणि बाहेरच्या शक्तीला आतल्या शक्तीने भागा. अमीटरमध्येही थोडा दाब खर्च होतो; म्हणून आतला दाब सेलच्या टोकांवर न मोजता, अमीटरच्या पुढे, चिपच्या पायांवर मोजा. बाहेरचा रोध बदलून अगदी कमी प्रवाहावरही वाचन घ्या.