आरोग्य म्हणजे काय, आजार म्हणजे काय? ‘मला काही त्रास नाही’ एवढ्यावर विसंबू नका

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला एक धडा असतो: आरोग्य आणि आजार यांच्या मूलभूत संकल्पना. मुली तो परीक्षेसाठी पाठ करतात. खरे तर हा धडा प्रत्येक घरात माहीत असायला हवा. का, ते एका रुग्णाच्या उदाहरणाने सांगतो.

टेम्पो चालवणारे एक गृहस्थ, वय ५२. सर्दी-खोकल्यासाठी माझ्याकडे आले होते. सहज बीपी तपासले तर १७०/१०४. आठवड्याने पुन्हा तपासले, तेव्हाही जास्तच. मी गोळ्या लिहून दिल्या. महिन्याने बीपी १३८/८६ वर आले. त्यानंतर ते आलेच नाहीत. ‘बरे वाटते आहे, मग गोळ्या कशाला’ असे म्हणून त्यांनी औषध बंद केले होते. तीन वर्षांनी एका सकाळी घरच्यांनी त्यांना रिक्षातून आणले. उजवा हात-पाय लुळा, बोलणे अडखळलेले. पक्षाघात, म्हणजे ज्याला आपण ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतो तो. जीव वाचला, पण उजवा हात पूर्वीसारखा झाला नाही. टेम्पो विकावा लागला.

त्यांची मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. ती मला म्हणाली, “सर, बाबांना तर काहीच त्रास नव्हता. मग असं एकाएकी कसं झालं?”

ते एकाएकी झाले नव्हते. उत्तर तिच्याच पुस्तकात होते. आणि चूक माझीही होती. ‘गोळ्या चालू ठेवा’ एवढेच मी सांगितले होते. का आणि किती दिवस, हे समजावून सांगायला मी पाच मिनिटे काढली नव्हती. तेव्हा जे सांगायचे राहिले, ते इथे सांगतो आहे.

आरोग्य म्हणजे नेमके काय?

जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आली. म्हणूनच ७ एप्रिल हा जागतिक आरोग्य दिन असतो. या घटनेत आरोग्याची व्याख्या दिली आहे. तिचा अर्थ असा: आरोग्य म्हणजे केवळ आजार किंवा अपंगत्व नसणे नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक अशा तिन्ही बाजूंनी पूर्ण चांगली स्थिती असणे.

यातला ‘पूर्ण’ हा शब्द अनेकांना खटकतो, आणि ते बरोबरच आहे. कारण तसे पाहिले तर पूर्ण निरोगी माणूस शोधूनही सापडणार नाही. पण या व्याख्येचा एक मोठा उपयोग आहे. शरीर धडधाकट असले तरी माणूस रात्रभर झोपत नसेल, दारूशिवाय राहू शकत नसेल किंवा सतत उदास असेल, तर त्याला निरोगी म्हणता येत नाही. उलट, मधुमेह असूनही साखर ताब्यात ठेवून, कामधंदा आणि घर सांभाळून आनंदाने जगणारी माणसेही आहेत.

म्हणून आरोग्य आणि आजार यांच्याकडे दोन वेगळ्या खोल्या म्हणून पाहू नका. तो एक लांब जिना आहे. वरच्या टोकाला उत्तम आरोग्य, खालच्या टोकाला मृत्यू. आपण सगळे त्यावर कुठे ना कुठे असतो आणि वर-खाली होत असतो.

लक्षण आणि चिन्ह यांत फरक काय?

रुग्णाला जाणवते ते लक्षण. उदा. डोके दुखणे, मळमळ, थकवा. तपासणाऱ्याला दिसते किंवा मोजता येते ते चिन्ह. उदा. ताप १०२, पायावर सूज, बीपी १७०/१०४.

काही आजारांत लक्षण नसते, फक्त चिन्ह असते. उच्च रक्तदाब हा त्यातला पहिला. बहुतेकांना त्यात काहीच जाणवत नाही. ‘माझं बीपी वाढलं की मला कळतं’ असे खूप जण सांगतात. कृपया यावर विसंबू नका. बीपी मोजल्याशिवाय कळत नाही.

आजार का होतो?

आजारामागे बहुधा एकच कारण नसते. तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: रोगाचे कारण, माणूस आणि परिसर. क्षयरोगाचे (टीबीचे) उदाहरण घेऊ.

- कारण: टीबीचा जंतू. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये तो शोधून काढला.
- माणूस: जंतू शरीरात शिरला म्हणजे टीबी झालाच असे नाही. जंतूचा शिरकाव झालेल्या १०० जणांपैकी साधारण ५ ते १० जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू आणि दारू यांमुळे हा धोका वाढतो.
- परिसर: दाटीवाटीची, खिडकी नसलेली खोली, धूळ असलेले काम.

यातली एक कडी तोडली तरी फायदा होतो. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या कुटुंबांवर एक मोठा अभ्यास झाला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. घरातल्या इतरांना दरमहा जादा पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्याने टीबी होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे घरात टीबीचा रुग्ण असेल, तर त्याच्या गोळ्यांइतकेच इतरांच्या ताटाकडेही लक्ष द्यायला हवे.

मधुमेह, रक्तदाब यांत जंतू नसतो. तिथे अनुवंश, वय, वजन, मीठ, तंबाखू, बैठे काम, अपुरी झोप अशी अनेक कारणे मिळून काम करतात. त्यांना ‘धोक्याचे घटक’ म्हणतात. वय आणि अनुवंश बदलता येत नाहीत. बाकीचे बरेच बदलता येतात.

आजाराचा प्रवास

उपचार केले नाहीत तर आजार कसा पुढे सरकतो, त्याला आजाराचा नैसर्गिक प्रवास म्हणतात. त्याचे साधारण चार टप्पे आहेत.

१. आजार नाही, पण धोका आहे. टेम्पोचालक गृहस्थांचे वजन वाढत होते, तंबाखू होती, रोजचे जेवण खारट.

२. आजार सुरू झाला, पण लक्षण नाही. संसर्गजन्य आजारात या काळाला अधिशयन काळ म्हणतात. डेंग्यूत तो साधारण ४ ते १० दिवस असतो. गोवराचा ताप साधारण १० दिवसांनी येतो आणि त्यानंतर अंगावर पुरळ उठते. रेबीजमध्ये हा काळ बहुधा १ ते ३ महिने असतो. रक्तदाब आणि मधुमेहात मात्र हा मूक काळ अनेक वर्षांचा असू शकतो.

३. लक्षणे दिसतात. आपण दवाखान्यात येतो ते बहुधा इथे.

४. शेवट. पूर्ण बरे होणे, काही उणीव राहणे किंवा मृत्यू.

त्या गृहस्थांची तीन वर्षे दुसऱ्या टप्प्यात गेली. त्यांना काही जाणवत नव्हते, पण वाढलेल्या दाबामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या रोज थोड्या थोड्या खराब होत होत्या. पक्षाघात ही आजाराची सुरुवात नव्हती. तो उशिरा आलेला परिणाम होता.

दुसरा टप्पा ओळखणे किती मोलाचे असते, हे रेबीजवरून कळते. लक्षणे सुरू झाल्यावर रेबीजचा रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. पण कुत्रा चावल्यावर लगेच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुतली, त्याच दिवशी लस सुरू केली, खोल जखमेत डॉक्टरांनी सांगितलेले प्रतिद्रव्याचे इंजेक्शन घेतले आणि लसीचे सर्व डोस पूर्ण केले, तर आजार टळतो. ‘जखम भरली, आता कशाला’ म्हणून उरलेले डोस सोडू नका.

हिमनग

समुद्रात तरंगणाऱ्या हिमनगाचा छोटा भाग पाण्यावर दिसतो, मोठा भाग खाली असतो. समाजातले बरेच आजार असेच असतात. दवाखान्यात येतात ते वरचे टोक. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात अंदाजे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, सुमारे १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत आणि सुमारे ३१.५ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. यातल्या अनेकांना ते माहीतच नाही.

प्रतिबंधाच्या चार पायऱ्या

‘उपचारापेक्षा प्रतिबंध बरा’ हे आपण ऐकतो. पण प्रतिबंध आजाराआधीच होतो असे नाही. तो प्रत्येक टप्प्यावर करता येतो.

- धोकाच निर्माण होऊ न देणे: मुलांना लहानपणापासून खेळाची सवय, घरात तंबाखू नाही, ताटात वरून मीठ घेण्याची सवय नाही.
- धोका आहे, पण आजार होऊ न देणे: लसीकरण, मच्छरदाणी, साठलेले पाणी काढणे, वजन कमी करणे. दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षा कमी. यात लोणचे, पापड आणि फरसाणातले मीठही आले.
- आजार लवकर ओळखून उपचार करणे: बीपी व साखर तपासणी, महिलांची गर्भाशयमुख आणि स्तन तपासणी. वरचे बीपी १० अंकांनी कमी झाले तर पक्षाघाताचा धोका साधारण पाव भागाने कमी होतो.
- आजार झाल्यावर हानी कमी करणे: व्यायामोपचार, मधुमेहींनी रोज पाय तपासणे, पुन्हा कामाला लागण्यासाठी मदत.

चौथ्या पायरीवर असलेल्यांनीही हताश होऊ नये. ते गृहस्थ आता काठी घेऊन चालतात, रोज गोळ्या घेतात. गोळ्यांची डबी मुलगी भरते. दुसरा झटका टाळणे हाही प्रतिबंधच आहे.

घरच्यांनी काय करावे?

- वय ३० च्या पुढे असेल तर काही त्रास नसला तरी बीपी आणि साखर तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय असते. आशाताईंना विचारा.
- बीपी पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून जास्त, उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवा. एकाच तपासणीवरून घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका.
- गोळी का, किती दिवस आणि बंद केली तर काय होईल, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारा. विचारण्यात संकोच नको.
- चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात वर न उचलणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही गोष्ट अचानक दिसली तर वेळ बघा आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्या. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. मालिश, लेप, घरगुती उपाय यांत हा वेळ घालवू नका. १०८ वर फोन करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*रिपोर्ट नॉर्मल आला. आता गोळी बंद करू का?*
रिपोर्ट नॉर्मल आला तो बहुधा गोळीमुळेच. वजन आणि मीठ कमी केल्यावर काहींची मात्रा कमी करता येते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे.

*एकदा गोळी सुरू केली की सवय लागते का?*
नाही. बीपीच्या गोळीचे व्यसन लागत नाही. आजार दीर्घकाळ राहतो, म्हणून गोळीही दीर्घकाळ लागते. चष्मा काढला की पुन्हा अंधुक दिसते, त्याला आपण चष्म्याची सवय म्हणत नाही.

*त्रास नसताना तपासणी म्हणजे उगाच खर्च नाही का?*
सरसकट सगळ्या तपासण्यांची महागडी पॅकेजे करू नका. पण बीपी, साखर, वजन यांना फार खर्च येत नाही. त्या मुलीच्या घराला न केलेल्या तपासणीची किंमत एका टेम्पोएवढी पडली.

तुमच्या घरातही ‘मला काही होत नाही’ म्हणणारे कोणी असेलच. या आठवड्यात त्यांचे बीपी मोजून घ्या. गोळ्या अर्धवट सोडल्या असतील तर रागावू नका, त्यांना डॉक्टरांकडे घेऊन या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध सुरू किंवा बंद करण्याआधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)