किलोभर आंबे आणि खोटी नोट

खोटा रुपया फळीवर आपटावा, त्याचा बद्द आवाज ऐकून दुकानदाराने तो परत सरकवावा, हे जुन्या पिढीच्या परिचयाचे. नोटेला तसा नाद नाही. आजच्या छत्तीसगडातील एका अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने किलोभर आंब्यांसाठी शंभराची नोट पुढे केली, ती बनावट ठरली, आणि भारतीय दंडविधानाच्या कलम ४८९-ब व ४८९-क खाली तो दोषी ठरला. पहिल्या कलमाची कमाल शिक्षा जन्मठेप! उच्च न्यायालयातही दोष कायम राहिला.

सर्वोच्च न्यायालयाचा २००१ सालचा निर्णय मुळातून समजून घेण्याजोगा आहे. ही कलमे नुसती खोटी नोट जवळ असण्याला गुन्हा मानीत नाहीत. ती खोटी आहे हे धारकास ठाऊक असावे, निदान तसे मानण्यास त्याच्यापाशी कारण असावे लागते. साक्षीदारांनी नोट ओळखली, तेव्हा आरोपीलाही ते ठाऊक असलेच पाहिजे, असे अनुमान सत्र न्यायालयाने काढले होते. एकाची पारख दुसऱ्याच्या माथी मारण्याचाच हा प्रकार. सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. शिवाय, नोटा खोट्या असल्याविषयीचा नेमका प्रश्न आरोपीला जबाबाच्या वेळी विचारल्याचेही दिसून आले नाही. जन्मठेपेपर्यंत जाऊ शकणाऱ्या खटल्यात हेच विचारायचे राहावे, याचे नवल वाटते. विद्यार्थी निर्दोष सुटला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत याच तरतुदी कलम १७९ व १८० म्हणून आल्या; जाणिवेची अट तशीच आहे. मात्र नोट खोटी असल्याचे कळल्यावरही ‘मला कोणी दिली, मी कोणाला देतो’ अशा हिशेबाने ती बाजारात खपविणाऱ्यास या निर्णयाचा आडोसा मिळणार नाही.

सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्याची सर्वसाधारण मुदत ६० दिवसांची. तुरुंगात असलेला कैदी अधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवू शकतो. पण हाती निकालपत्रच नसेल तर तो काय लिहिणार? १९७८ साली महाराष्ट्रातील खोट्या पदवीपत्रांच्या एका प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांच्यापुढे हाच प्रश्न आला. निकालाची प्रत मिळाली नाही, म्हणून चार वर्षांहून अधिक विलंब झाला, असे कैद्याचे म्हणणे होते. प्रत कैद्याच्या हाती विनामूल्य व त्वरित पोचली पाहिजे, तो निर्धन असेल तर त्यास सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. त्या कैद्याचा स्वतःचा अर्ज मात्र फेटाळला गेला.