पहिल्या पराभवाचा ताळेबंद

कोल्हापूरच्या पेठांतून फुटबॉलला जे स्थान आहे, ते बाहेरगावच्या माणसास समजावून सांगणे कठीण जाते. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, बालगोपाल या संघांचे सामने शाहू स्टेडियमवर पाहत येथील पिढ्या वाढल्या. विश्वचषक आला की याच पेठा ब्राझील आणि अर्जेंटिना अशा दोन तटांत विभागल्या जातात. १९८६ साली दूरदर्शनवर मॅराडोनाला पाहिलेली माणसे आता साठी ओलांडून गेली, तरी त्यांचा पक्ष बदललेला नाही. मी त्यांपैकीच एक.

२२ नोव्हेंबर २०२२ रोजी, मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता, कतारमधील लुसेल येथे अर्जेंटिनाचा पहिला सामना सौदी अरेबियाशी सुरू झाला. मी मंगळवार पेठेत माझ्या भाच्याकडे गेलो होतो. पंधरा-वीस मुले, दोन-तीन माझ्या वयाची माणसे आणि एक मोठा दूरचित्रवाणी संच, असा एकूण थाट. अर्जेंटिना सलग ३६ सामने अपराजित होता. आणखी एक सामना न हरता पार पडला असता, तर इटलीच्या ३७ सामन्यांच्या विक्रमाशी बरोबरी झाली असती. दहाव्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टीवर गोल केला, तेव्हा पेढे आणण्यास कोणाला पाठवावे याचीच चर्चा सुरू झाली.

पुढे काय झाले हे सर्वांस ठाऊक आहे. मध्यंतरानंतर ४८ व्या मिनिटाला सालेह अल-शेहरीने आणि ५३ व्या मिनिटाला सालेम अल-दवसारीने गोल केले. उरलेला वेळ गोलरक्षक अल-ओवैसने किल्ला लढवला आणि सामना २-१ असा संपला. सौदीच्या राजाने दुसऱ्या दिवशी सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. आमच्या खोलीत मात्र काही वेळ कोणीच बोलले नाही. नंतर सगळे एकदम बोलू लागले.

त्या सायंकाळची ती चर्चा हाच या लेखाचा विषय आहे. कर्जविभागात अनेक वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ती फार ओळखीची वाटली. कर्ज थकले म्हणजे बँकेत ज्या बैठका होतात, त्यांत आणि पराभूत संघाच्या चाहत्यांत आवाजाच्या पट्टीखेरीज फारसा फरक नसतो.

एकाने पंचांना दोष दिला, दुसऱ्याने नशिबाला. तिसऱ्याचे म्हणणे असे, की जिओवानी लो सेल्सो दुखापतीमुळे स्पर्धेआधीच बाहेर पडला, तेथेच मध्यफळीचा कणा मोडला. परेदेस आणि पापू गोमेझ यांना ती जागा भरता आली नाही. हे मत मला विचारात घेण्यासारखे वाटले. चौथ्याचा रोख एकाच खेळाडूवर होता. बचावपटू क्रिस्तियान रोमेरो दुखापतीतून नुकताच उठलेला, पूर्ण तंदुरुस्त नसलेला. पहिल्या गोलाच्या वेळी अल-शेहरी त्याच्याच बाजूने निसटला. ‘‘मॅच त्यानंच घालवली,’’ असा निकाल लागला आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. प्रशिक्षक स्कालोनीनेही ५९ व्या मिनिटाला त्याला परेदेस व गोमेझ यांच्यासह बाहेर काढले होते. मग आणखी कोणता पुरावा हवा?

माझा भाचा स्वतः पेठेच्या संघात बचावफळीत खेळतो. तो तोवर गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मामा, गोल खाल्ले ते सगळ्यांनी बघितलं. पहिल्या हाफमध्ये काय झालं ते कुणी बघितलंच नाही.’’

त्याने जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत मांडतो. प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात, सहकारी चेंडू पुढे देतो त्या क्षणी, आघाडीचा खेळाडू चेंडूच्या पुढे आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असला, तर तो ऑफसाइड ठरतो. शेवटचा प्रतिस्पर्धी बहुधा गोलरक्षक असल्याने प्रत्यक्षात ही सीमा बचावपटूंची रांग ठरवते. सौदीचे फ्रेंच प्रशिक्षक हर्वे रेनार यांनी ती रांग आपल्या गोलापासून खूप पुढे, जवळजवळ मध्यरेषेच्या दिशेने आणून उभी केली होती. पाठीमागे सारे मैदान मोकळे. एक जण जरी पाऊलभर मागे रेंगाळला असता, तरी मेस्सीला रान मोकळे होते. भाच्याच्या भाषेत, ‘‘लाइन मोडली तर चार गोल, नाही मोडली तर आपलं काही खरं नाही.’’

ती मोडली नाही. पहिल्या अर्ध्यात अर्जेंटिनाने आणखी तीन वेळा चेंडू जाळ्यात धाडला, एकदा मेस्सीने आणि दोनदा लाउतारो मार्टिनेझने. तिन्ही गोल ऑफसाइडमुळे रद्द झाले. त्यांतला लाउतारोचा पहिला गोल तर केवळ खांद्याच्या अंतराने गेला. या स्पर्धेत छताखाली बारा कॅमेरे बसवलेले होते आणि ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदू सेकंदाला पन्नास वेळा टिपत होते. चेंडूच्या आतही संवेदक होता. सहायक पंचाच्या केवळ नजरेवर आणि निशाणावर हा निर्णय सोपवलेला असता, तर तो गोल बहुधा राहिला असता. मध्यंतराला फलक २-० दिसला असता, आणि मग हीच मंडळी त्याच धावांचे, त्याच पासांचे कौतुक करत बसली असती. माझ्या मते त्या दिवसाच्या विश्लेषणाचे मर्म येथेच होते. फसलेली चाल आणि जमलेली चाल यांत वीतभरही अंतर नव्हते. तरीही ते केवळ दैव नव्हे, कारण एकच सापळा पुनःपुन्हा लागत असताना धाव घेण्याची वेळ बदलणे अर्जेंटिनाच्या हाती होते आणि ते त्यांनी केले नाही. एकट्या रोमेरोचा हिशेब मांडून हे आकडे जुळत नाहीत.

एका ज्येष्ठ मित्राने १९९० ची आठवण काढली. त्या वर्षी मिलानमध्ये गतविजेता अर्जेंटिना पहिल्याच सामन्यात कॅमेरूनकडून १-० असा हरला. कॅमेरूनचे दोन खेळाडू बाहेर काढले गेले होते, तरीही. आणि तोच अर्जेंटिना पुढे अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. २०१० मध्ये स्पेन स्वित्झर्लंडकडून हरून विश्वविजेता झाला, हेही कोणीतरी सांगितले. मला ही उदाहरणे धीर देणारी वाटली, पण अर्धवट. १९८२ मध्ये अर्जेंटिना गतविजेता म्हणून उतरला, बेल्जियमकडून पहिला सामना हरला आणि दुसऱ्या फेरीतच परतला. २०१८ मध्ये जर्मनीचे असेच झाले. पहिल्या पराभवातून काही शुभशकुन निघत नाही. त्यानंतरच्या चार दिवसांत काय केले जाते, एवढाच प्रश्न उरतो.

घरी परतताना माझ्या मनात वेगळेच काही घोळत होते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या शाखेत होतो, तेथे दिलेले पहिलेच मोठे कर्ज वर्षाच्या आत थकले. एका छोट्या कारखान्याचे कर्ज. मुख्य गिऱ्हाइकाने मागणी थांबवली होती, कच्च्या मालाचे भाव चढले होते, आणि मंजुरीच्या कागदावर तीन सह्या होत्या, त्यांतली एक माझी. चौकशीचे टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. कारखान्याला भेटी देणाऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्याने एका तिमाहीची तपासणी केली नव्हती. मी ते ठळकपणे लिहिले. बाकीच्या गोष्टीही लिहिल्या, पण खाली, बारीक करून. टिपणात खोटे काहीच नव्हते. त्यांची बदली झाली, बढती अडली, आणि पुढे कर्जाचे काम त्यांच्याकडे कधीच आले नाही.

२६ नोव्हेंबरला मेक्सिकोविरुद्ध स्कालोनीने पाच बदल केले. रोमेरोही बाहेर बसला. पण बचाव किंवा आक्रमणाची मूळ पद्धत त्याने फेकून दिली नाही. मेस्सी आणि एन्झो फर्नांडेझ यांच्या गोलांनी सामना २-० असा जिंकला. त्यानंतरचे मला विशेष वाटते. पोलंडविरुद्धच्या सामन्यात रोमेरो पुन्हा पहिल्या अकरांत आला आणि १८ डिसेंबरच्या अंतिम सामन्यातही तो पहिल्या अकरांतच होता. ज्या लाउतारोचे दोन गोल रद्द झाले होते, त्यानेच नेदरलँड्सविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारली. मेक्सिकोविरुद्ध परेदेसचीही जागा गेली होती, तरी फ्रान्सविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये चेंडू त्याच्याही हाती दिला गेला आणि त्याने तो जाळ्यात मारला. सौदी अरेबियाने मात्र पुढचे दोन्ही सामने गमावले. रेनार यांची ती विलक्षण रांग गटाच्या तळाशी राहिली. त्यांच्याकडे त्या संध्याकाळी कोणी विश्लेषण केले असेल, असे वाटत नाही. जिंकलेल्या सामन्याचे टिपण कोण लिहितो?

अंतिम सामन्याच्या रात्री पेठेत फटाके वाजत होते. भाच्याने मला दोन पेढे दिले. एक २२ नोव्हेंबरचा, म्हणाला, उधारीवरचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या जुन्या सहकाऱ्यांना दूरध्वनी केला. ते आता निवृत्त होऊन मिरजेजवळ राहतात. ‘‘काय साहेब, आज कशी आठवण झाली?’’ असे त्यांनी विचारले. मी सामन्याबद्दल बोललो. त्यांनी तो पाहिला नव्हता. रात्री ते लवकर झोपतात. मुलाबाळांची चौकशी झाली, गुडघ्यांच्या दुखण्याचा विषय निघाला. शाखेचा विषय त्यांनी काढला नाही. तो मला काढायचा होता. पंधरा-वीस मिनिटे बोललो, पण मलाही तो काढता आला नाही. येत्या महिन्यात मिरजेस येतो, एवढेच सांगून मी फोन ठेवला.